साडेसातीचा कोबा

रामघाटाच्या वरच्या गल्लीत ढुंढिराजशास्त्री पळसुले यांचं घर विचारलं तर कोणीही दाखवील. फक्त दाखवताना एक वाक्य हमखास जोडील, "सँभल के जाइएगा, चौक में फिसलन है." या एका वाक्यानं शास्त्रीबुवांचं, म्हणजे घरातल्यांच्या अप्पांचं, आयुष्य नासवलं होतं. घराच्या मधला हा चौक चुनारच्या दगडी लाद्यांचा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैदिकांनी अनवाणी पायांनी घासून घासून त्या अशा गुळगुळीत केल्या होत्या की त्यात तोंड पाहून गंध लावता आलं असतं. कोरड्या असताना त्यांच्यावरून चालायला हिंमत लागे, आणि ओल्या झाल्या की मांजरसुद्धा भिंतीच्या कडेकडेनं जाई.

अप्पांना हे मुळीच मान्य नव्हतं. घसरतो तो चालणारा, लादीचा काय दोष, असं ते ठणकावून सांगत. हे मत चार वर्षांपूर्वीच्या वसंतपूजेपर्यंत टिकलं.

वसंतपूजा म्हणजे काशीतल्या मराठी वैदिकांचा चैत्र-वैशाखातला मोठा सोहळा. एखाद्याच्या घरी सगळे जमतात, समोरासमोर दोन रांगा करून बसतात, एका रांगेनं मंत्र उचलायचा आणि दुसरीनं तो पुढे न्यायचा. मग अत्तर, पन्हं आणि आंबेडाळ. अप्पांच्या चौकातली वसंतपूजा तर प्रसिद्ध, कारण तिथे शिवराम आठल्ये येत. शिवरामपंत आणि अप्पा एकाच गुरुजींकडे, एकाच चटईवर बसून शिकलेले. शिवरामपंतांचा आवाज असा की नावाडी वल्ही थांबवून ऐकत. अप्पांचा आवाज त्याला खालून आधार द्यायचा. दोघांपैकी एकटा कोणीही मंत्र म्हणाला की ऐकणाऱ्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे.

तर त्या वर्षी जागर ऐन रंगात आला असताना शिवरामपंत मंत्र म्हणता म्हणताच पन्ह्याचा रिकामा पेला ठेवायला उठले, सांडलेल्या पन्ह्यावर त्यांचा पाय पडला आणि ते आडवे झाले. पडताना आधाराला म्हणून त्यांनी जे धरलं ते अप्पांच्या पत्नी आनंदीबाईंचं आंबेडाळीचं पातेलं होतं. डाळ दोन्ही रांगांना सारखी पोचली. शिवरामपंतांच्या खुब्याचं हाड मोडलं.

अप्पा इस्पितळात भेटायला गेले तेव्हा शिवरामपंतांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. अप्पा थोडा वेळ त्यांच्या पाठीशी बसले, सफरचंदं ठेवली आणि घरी आले. त्यानंतर दोघांचं बोलणंच संपलं. शिवरामपंत राहायचे अमृतराव घाटाकडे, फार लांब नव्हे. पण काशीत गल्ल्यांना तोटा नाही, त्यामुळे एकमेकांना टाळायची फार सोय आहे. समोरून काठी टेकत शिवरामपंत येताना दिसले की अप्पा डावीकडच्या गल्लीत वळत आणि तिथे काहीच काम नसल्यामुळे उगीच कोणाच्या तरी गायीच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहत. अप्पांनी चौकातली वसंतपूजा बंद केली. माझ्या दगडांनी माझ्या मित्राला मोडलं आणि तो मला कधी माफ करणार नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. शिवराम पुन्हा एकदा या चौकात बसावा, यापलीकडे त्यांना देवाकडे काही मागायचं उरलं नव्हतं. काशीत राहून मोक्ष न मागणारा माणूस विरळाच.

अप्पांची मुलगी मालविका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल शिकवायची आणि शहराचा कचरा सिमेंटमध्ये मिसळायची. पगार पहिल्या कामाचा होता, जीव दुसऱ्यात होता. तिच्या पिशवीतून कधी बाटल्यांचे तुकडे निघत, कधी टायरचा भुगा. तो भुगा काळे तीळ समजून आनंदीबाईंनी एकदा पितृपक्षात ताम्हनात काढून ठेवला होता. थोडक्यात वाचले, नाहीतर पळसुल्यांच्या सात पिढ्यांना टायरचं तर्पण मिळालं असतं.

एकदा जेवताना मालविका म्हणाली, "अप्पा, चौकातल्या लाद्या काढू या आणि माझा कोबा घालू या."

"तुझा म्हणजे?"

"म्हणजे सिमेंटचाच कोबा, पण वाळू थोडी कमी करायची आणि तिथे रबराचा भुगा घालायचा. गिट्टी थोडी कमी करायची, तिथे प्लास्टिकचे तुकडे. ताकत जरा कमी होते, खांबाला वगैरे नाही चालणार. पण चालायच्या जागेला एकदम बढिया. पाय घसरत नाही. आणि कोणी पडलंच तर दगडाइतकं लागत नाही."

अप्पांचा घास हातातच राहिला. "कोणी पडलंच तर?"

"कोणी पडलंच तर, अप्पा."

अप्पांनी दोन दिवस शास्त्रविचार केला. प्लास्टिक कसलं, तर यात्रेकरू गंगाजल न्यायला घेतात त्या डब्यांचं. फुटके डबे घाटावर ढिगानं पडतात. मग तर प्रश्नच नव्हता. रबर कसलं, हे त्यांनी विचारलं नाही, कारण मालविकाच्या पिशवीत त्यांनी टायर पाहिले होते. टायर म्हणजे चाक, चाक सूर्याच्या रथालासुद्धा असतं, सबब चाकाला विटाळ नाही. निर्णय झाला. लाद्या उखडल्या गेल्या आणि चौकात राखाडी, किंचित खरखरीत कोबा पसरला.

नवा कोबा बरेच दिवस ओला ठेवावा लागतो. इकडे त्याला तराई म्हणतात. हे काम अप्पांनी स्वतःकडे घेतलं. रबरी नळीला त्यांनी साफ नकार दिला. तांब्याचा कलश घेऊन, सोवळं नेसून, रुद्र म्हणत म्हणत ते रोज सकाळ-संध्याकाळ चौकभर धार धरू लागले.

"अप्पा, मंत्र म्हटले नाहीत तरी सिमेंट धरतं हो," मालविका म्हणाली.

"धरत असेल," अप्पा म्हणाले. "पण असं धरत नसेल."

कोबा धरला. अप्पांनी आपल्या मुकुल नावाच्या शिष्याला, जो आता स्वतःच चांगला घनपाठी झाला होता, शिवरामपंतांकडे पाठवलं. वसंतपूजेचं आमंत्रण आहे, जमीन नवी केली आहे, एवढंच सांग म्हणाले. मुकुल परत येईपर्यंत त्यांनी तीन वेळा हातपाय धुतले.

"काय म्हणाला?"

"येतो म्हणाले."

"आणखी?"

"आणखी काही नाही. पण काका, त्यांनी सदरा बदलून मग सांगितलं, येतो म्हणून."

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. सिमेंटची धूळ फार उडते हल्ली, असं ते म्हणाले आणि आत गेले.

वसंतपूजेच्या आदल्या दिवशी सकाळी अप्पा चौकात बसून कोब्याकडे कौतुकानं पाहत होते. ऊन तिरपं आलं होतं. कोबा आता पुरता वाळला होता आणि राखाडी रंगात बारीक बारीक ठिपके दिसायला लागले होते. काळे, ते समजलं. पण शेजारी एक निळा होता. मग दुसरा निळा, एक लाल, एक पोपटी. तुळशीजवळ तर एका पिवळ्या तुकड्यावर अर्धं फूल होतं. अप्पा रांगत रांगत चौकभर फिरले आणि दात घासत उभ्या असलेल्या मुलीच्या पायांशी येऊन थांबले.

"मालू, टायर निळे कधीपासून निघायला लागले?"

मालविकाचा ब्रश थांबला. "अप्पा, टायर कमी पडले."

"मग?"

"हवाई चपला."

"हवाई चपला काय?"

"दळून मिसळल्या. कोब्यात."

अप्पा जागच्या जागी खाली बसले. मग आपण कशावर बसलो ते कळून झटकन उठले. मग कशावर उभे आहोत ते कळलं आणि काय करावं ते सुचेना. "कोणाच्या चपला?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"कोणाच्याच नाहीत. शनीच्या देवळाबाहेर दर शनिवारी ढीग पडतो ना, त्यातल्या. लोक मुद्दाम सोडून जातात. बिलकुल साफ माल आहे, अप्पा. वर आम्ही कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतला, नाहीतर रबराला सिमेंट धरत नाही."

आता हे मालविकाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण इंजिनिअर माणसाला ढीग दिसला की तो का पडला हे विचारायचं भान राहत नाही. साडेसाती चालू असलेला माणूस शनिवारी शनीला जातो, पायातल्या चपला तिथेच सोडतो आणि मागे वळून न पाहता अनवाणी घरी येतो. पीडा चपलांबरोबर राहते. जो त्या चपला उचलतो त्याच्या मागे ती लागते, म्हणून काशीतला नागडा बैरागीसुद्धा त्यांना हात लावत नाही. मालविकानं त्या टेम्पोनं आणल्या होत्या.

"अख्ख्या काशीची साडेसाती!" अप्पा ओरडले. "माझ्या चौकात! आणि मी तिच्यावर रुद्र म्हटला!"

"तरीच इतकी छान धरली," आनंदीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

पूजा रद्द करणं शक्य नव्हतं, शिवराम येतो म्हणाला होता. खरं सांगणंही शक्य नव्हतं, कारण पाहुण्यांत सुमंतशास्त्री होते. सुमंतशास्त्री नैयायिक, आणि समोरच्या माणसानं राम राम म्हटलं तरी ते कशावरून म्हणून विचारत. चपलांच्या फरशीवर सोवळ्यानं बसायचं म्हटल्यावर ते सगळ्यांना उठवून घेऊन गेले असते आणि त्यांच्याबरोबर शिवरामही गेला असता, आणि या खेपेला कायमचा. त्याच वेळी आत दूध उतू गेलं. "बघ, सुरू झाली," अप्पा म्हणाले.

शेवटी त्यांनी ठरवलं की कोबा झाकायचा. असा झाकायचा की कोणाच्या अंगठ्यालासुद्धा तो लागू नये.

"अहो पण अप्पा," मालविका कळवळून म्हणाली, "पाय घसरू नये म्हणून केला ना तो? वर कपडा टाकला तर मतलब काय राहिला?"

"मतलब गेला खड्ड्यात. सतरंज्या काढ."

घरातल्या सतरंज्या निघाल्या. शेजारच्या आल्या. त्या पुरल्या नाहीत तेव्हा चादरी, सोलापुरी चवाळी आणि अप्पांना सत्कारात मिळालेल्या सगळ्या शाली अंथरल्या गेल्या. सत्कार बरेच झाले होते, पण चौक मोठा होता. दाराजवळचा एक तुकडा उघडा राहिला तिथे अप्पांनी मालविकाच्या कॉलेजातल्या परिषदेचा भला मोठा फ्लेक्स उलटा करून घातला आणि वर एक शाल पसरली. फ्लेक्सवर 'कचरे से निर्माण' असं लिहिलेलं होतं, ते खाली गेलं. चपला लपवायला प्लास्टिक बरं कामाला आलं, याचं अप्पांना समाधान वाटलं. मालविकानं ते पाहिलं असतं तर किंचाळली असती, पण ती अत्तर आणायला बाजारात गेली होती.

दुसऱ्या दिवशी वैदिक जमले. इतक्या मऊ बैठकीवर बसायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे सगळे खूश झाले. "राजेशाही थाट केलाय, ढुंढिराज," सुमंतशास्त्री शालीवर हात फिरवत म्हणाले, "ही तर तुमची पंच्याहत्तरीची शाल दिसते." अप्पा कसंनुसं हसले. त्यांचा डोळा प्रत्येकाच्या पायांवर होता. कोणी मांडी बदलली की ते जागेवरून अर्धवट उठत होते. मुकुलनं एकदा सहज चवाळ्याचं टोक दुमडलं तर अप्पांनी भर सभेत त्याच्या हातावर चापट मारली.

सगळ्यांत शेवटी शिवरामपंत आले. केस पार पांढरे झाले होते, आणि हातात काठी. दारात येऊन ते थांबले. अप्पा उठून उभे राहिले. आठ-दहा वाक्यं त्यांनी पाठ करून ठेवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"ये," अप्पा म्हणाले.

"आलो," शिवरामपंत म्हणाले, आणि त्यांनी शालीवर पाय ठेवला.

शालीखाली फ्लेक्स होता आणि फ्लेक्सखाली सपाट कोबा. शाल निघाली. शिवरामपंत तिच्यावर उभे राहून थोडं अंतर सरळ आत आले, एखादी मूर्ती रथातून यावी तसे. त्यांची काठी तेवढी दारातच राहिली. मग सतरंजीची कड आली, शाल थांबली, शिवरामपंत थांबले नाहीत, आणि सतरंज्या, चादरी, शाली यांचा एकच गोळा होऊन मध्ये उघड्या पडलेल्या कोब्यावर ते धप्पकन बसले. ते दोनदा उसळले, असं गल्लीत अजून सांगतात. असं होणं शक्य नाही, असं मालविका अजून सांगते.

"शिवराम!" अप्पा धावले. "हाड... शिवराम, हाड!"

"थांब," शिवरामपंत म्हणाले. त्यांनी एक हात खुब्यावर ठेवला, डोळे मिटले, हळूच एक पाय हलवला, मग दुसरा. "बघू दे. नाही. काही नाही झालं." मग त्यांनी तळहातानं खालची जमीन चाचपली. "हे काय आहे रे? लागलंच नाही मला."

या क्षणी अप्पांना नुसतं रबर म्हणता आलं असतं. मालविका त्यांच्याकडे बघून नको नको म्हणून मान हलवत होती. पण चार वर्षं आणि एक दिवस दाबून धरलेलं सगळं त्यांच्या तोंडून एकदमच बाहेर पडलं.

"चपला आहेत, शिवराम! शनीच्या देवळाबाहेरच्या! सगळ्या काशीची साडेसाती दळून मी तुझ्याखाली घातली. आणि ती दिसू नये म्हणून वर शाली टाकल्या, म्हणून तू पडलास. तेव्हा माझ्या दगडांनी पाडलं, आज मीच पाडलं तुला!"

पुढे जो गोंधळ झाला त्याचं वर्णन करताना माझी लेखणी थकते, पण प्रयत्न करतो. सगळे वैदिक एकदम उभे राहिले. उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बसल्यावर निदान खाली सतरंजी होती, आता ती पायात गुंतून सरकत होती. कोणी एका पायावर उभं राहिलं, कोणी शेजाऱ्याच्या पायावर. दोघं जण दाराकडे धावले, कारण चपलांना पाय लागू नये म्हणून पायात चपला घालणं त्यांना त्या घाईत फार शहाणपणाचं वाटलं, पण दार चौकाच्या पलीकडे होतं आणि मध्ये सगळा कोबाच होता. सुमंतशास्त्री वयाच्या मानानं चपळ निघाले. पूजेसाठी ठेवलेला लाकडी पाट त्यांनी पटकावला आणि त्यावर दोन्ही पाय जुळवून उभे राहिले. सुरक्षित जागा मिळताच त्यांना वाद सुचला.

"प्रश्न असा," ते पाटावरून गरजले, "की ही जमीन चप्पल आहे की नाही?"

"नाही," मुकुल एका पायावरून म्हणाला. "दुधाचं दही झालं की ते दूध राहत नाही."

"दही विरजतं! इथे विरजलं कुठे? नुसतं मिसळलंय. शिऱ्यातला बेदाणा शिऱ्यात गेला म्हणून बेदाणा राहत नाही का? तो बघा, तो निळा, अजून चप्पलच आहे!"

"पण काका, चप्पल कमी आहे, गंगाजलाचे डबे जास्त आहेत!" मालविका ओरडली. "आणि सोड्यानं धुतलंय!"

"मंत्राशिवाय धुतलं!"

"मंत्र म्हटला! अप्पांनी रोज रुद्र म्हटला!"

यावर सुमंतशास्त्री क्षणभर अडले. चपलांवर रुद्राभिषेक झाला असता चपला शुद्ध होतात की रुद्र बाटतो, असा प्रश्न त्यांच्या हयातीत कधी आला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर भीती आणि आनंद एकदमच दिसायला लागला.

या सगळ्यात एकच माणूस उठला नव्हता. शिवरामपंत सतरंज्यांच्या गोळ्यात बसून होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते रडत आहेत असं वाटून अप्पा त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसले, चप्पल की नाही याची त्यांना आता पर्वा नव्हती.

शिवरामपंत हसत होते.

"मालू," त्यांनी डोळे पुसत विचारलं, "निळ्या पट्ट्याच्या होत्या का गं त्यात?"

"काका, निळ्याच जास्त होत्या."

"मग त्यात एक जोडी माझी आहे. या हिवाळ्यात सोडली. गेल्या वर्षीची पांढरी होती. दर वर्षी एक जोडी सोडतोय, पण तो शनी काही ऐकत नाही."

"तुला कसली साडेसाती?" अप्पांनी विचारलं.

"वा! साडेसाती नाही तर काय? भर मंत्रजागरात, गुरुजींचा शिष्य म्हणवणाऱ्या माणसाच्या तोंडून ती तसली शिवी निघेल का? ती पण मंत्राच्याच पट्टीत!"

"कसली शिवी?"

शिवरामपंतांचं हसू थांबलं. त्यांनी अप्पांकडे नीट पाहिलं. "पडताना मी शिवी दिली, ढुंढिराज. गोदौलियाचे रिक्शावाले देतात त्यातली. या चौकात, देवासमोर. तू ऐकली नाहीस?"

"मी तुझं हाड मोडल्याचं ऐकलं," अप्पा म्हणाले. "त्यानंतर मला काही ऐकूच आलं नाही."

बाकीचे सगळे वैदिक खाली कोब्याकडे बघायला लागले. त्यांनी ऐकली होती.

"स्वर मात्र शुद्ध होता," सुमंतशास्त्री पाटावरून हळूच म्हणाले.

"म्हणून तू भिंतीकडे तोंड केलंस?"

"मग कोणत्या तोंडानं बघू तुझ्याकडे? तुझी वसंतपूजा बाटवली, वहिनींची डाळ सांडली. आणि त्यानंतर तू पूजाच बंद केलीस. मला वाटलं, माझ्यामुळे चौक अपवित्र झाला म्हणून केलीस."

"अरे गाढवा," अप्पा म्हणाले, आणि वेदमूर्ती ढुंढिराजशास्त्री पळसुले भर सभेत लहान पोरासारखे रडले. या वेळी त्यांनी सिमेंटच्या धुळीचं नाव घेतलं नाही.

शिवरामपंतांनी त्यांना रडू दिलं. मग ते सगळ्यांकडे वळले. "ऐका. चार वर्षं या दारात यायची माझी छाती झाली नाही, आणि माझी चप्पल माझ्या आधी येऊन इथे बसली. आता माझ्या चपलेवर मी बसलोय. मी काही उठत नाही. एक तर मला उठवायला दोन माणसं लागतात. ज्याला जायचं असेल त्यानं खुशाल जावं, डाळ मात्र बसलेल्यांनाच मिळेल. काय वहिनी?"

"बसलेल्यांनाच," आनंदीबाई पातेलं छातीशी घट्ट धरून म्हणाल्या. या खेपेला त्या ते कोणाच्या हाताला लागू देणार नव्हत्या.

मग मुकुलनं वर धरलेला पाय खाली टेकला. "काका, माझी पण एक जोडी असेल यात," तो मान खाली घालून म्हणाला. "घनपाठाच्या परीक्षेच्या वेळची." आणि तो कोब्यावर मांडी घालून बसला. मग आणखी एक जण म्हणाला की मुलीचं लग्न जमत नव्हतं तेव्हाची आपली लाल होती. मग दाराकडे धावलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तेही परत येऊन बसले. ज्या त्या माणसाची एखादी शनीच्या दारात पडलेली होतीच. शेवटी पाटावर एकटे सुमंतशास्त्री उरले. बराच वेळ त्यांनी घसा खाकरला.

"माझी कोल्हापुरी होती," ते म्हणाले.

"चामड्याच्या नाही घेतल्या हो काका," मालविका म्हणाली. "त्या दळल्या जात नाहीत."

सुमंतशास्त्र्यांचा चेहरा इतका पडला की आनंदीबाईंना दया आली. त्यांनी त्यांना रांगेत पहिली जागा दाखवली. ते पाटावरून उतरले, कोब्यावर एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि जरासं दाबून पाहिलं. "पायाला बरं लागतंय," ते कोणालाही उद्देशून न म्हणता म्हणाले.

दोन्ही रांगा लागल्या. शाली कोपऱ्यात गेल्या. शिवरामपंतांनी बसल्या जागेवरून मंत्र उचलला. आवाज थोडा खरबरीत झाला होता, पण घाटाकडच्या खिडकीतून तो बाहेर गेला आणि खाली कोणीतरी बोलायचं थांबलं. दुसरी रांग अप्पांची. त्यांनी तोंड उघडलं, पण स्वर कुठे लागेना. पहिला शब्द वर गेला, दुसरा फाटला. शिवरामपंत मध्ये थांबले नाहीत. ते जरा पुढे सरकले, त्यांनी आपला हात अप्पांच्या गुडघ्यावर ठेवला, आणि गुरुजी लहानपणी दोघांना शिकवायचे तसा, स्वर खाली तिथे हात दाबत आणि वर तिथे उचलत राहिले. तिसऱ्या शब्दाला अप्पांना स्वर सापडला. मग दोघं मिळून मंत्र पुढे घेऊन गेले.